काळ निवडतो, की माणसं?

१७७३ मध्ये लंडनमध्ये एक कवितासंग्रह छापला गेला. कवयित्रीचं नाव फिलिस व्हीटली. सात-आठ वर्षांची असताना तिला पश्चिम आफ्रिकेतून आणून बोस्टनच्या बंदरात विकलं होतं. 'फिलिस' हे तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव आणि 'व्हीटली' हे तिला विकत घेणाऱ्या कुटुंबाचं. या संग्रहात कवितांच्या आधी एक जाहीर निवेदन छापलं आहे. बोस्टनमधल्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी त्यात ग्वाही दिली आहे की या कविता याच मुलीने लिहिल्याची आमची खात्री आहे. सह्या करणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर आहे आणि तिचा मालकही. त्याआधी बोस्टनमध्येच संग्रह काढायचा प्रयत्न झाला होता, पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. पुढे दुसऱ्या संग्रहासाठी ती धडपडली. तो छापला गेलाच नाही. १७८४ मध्ये ती दारिद्र्यात वारली.

अमेरिकेत गेली पन्नासएक वर्षं कृष्णवर्णीय स्त्रियांची पुस्तकं मुद्दाम शोधणं, पुन्हा छापणं, एकमेकींना देणं, गटागटाने वाचणं, त्यांचा उत्सव करणं हे काम चिकाटीने चाललं आहे. ग्लोरी एडिमने २०१५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू केलेला 'वेल-रेड ब्लॅक गर्ल' हा वाचकगट दोन वर्षांत साहित्यमहोत्सवापर्यंत पोचला. या कामावर एक हरकत घेतली जाते, आणि ती साहित्यावर प्रेम करणारी माणसंच घेतात. अशी हरकत दुबळी करून मांडली तर खोडणं फार सोपं होतं. म्हणून जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने इथे पूर्वपक्षाला त्याच्या पूर्ण बळानिशी बोलू दिलं आहे.

पूर्वपक्ष : पुस्तकाची पारख पुस्तकावरून व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे. व्हीटलीच्या संग्रहावर अठरा सह्या लागल्या याची मला तुमच्याइतकीच चीड येते. पण त्या सह्यांमागची चूक नेमकी कोणती? कविता वाचण्याआधी लोकांनी कवयित्री कोण हे पाहिलं. आज 'कृष्णवर्णीय स्त्रियांची पुस्तकं वाचा' असं सांगणारा माणूसही आधी लेखिका कोण हेच पाहतो. त्याचा हेतू चांगला असेल, पण नजर तीच. आणि चांगल्या पुस्तकाला अशा शिफारशीची गरज नसते. काळ सुपासारखा पाखडत असतो, फोल उडून जातं आणि दाणा राहतो. तुकोबांची गाथा काही कुणी महोत्सव भरवून जगवली नाही.

उत्तर : सूप आपोआप हलत नाही, ते कुणाच्या तरी हातात असतं. गाथेचंच घ्या. संताजी जगनाडे यांच्या वह्या, पिढ्यान्‌पिढ्या अभंग मुखोद्गत करणारे वारकरी, कीर्तनकार, आणि १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या मदतीने 'इंदुप्रकाश' छापखान्यातून निघालेली आवृत्ती, एवढ्या सगळ्यांनी ती सांभाळली. वारी म्हणजे दुसरं काय, गाथेचा दरवर्षीचा उत्सवच आहे. उत्सवाने तुकोबांची कविता थोर झाली असं मी म्हणत नाही. पण तो नसता तर ती थोर आहे हे कळायला आपल्यापाशी मार्ग उरला नसता. पुस्तक टिकतं ते माणसांच्या साखळीमुळे, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत ती साखळी पुन्हा पुन्हा तोडली गेली. ती जोडणं हे पारख करण्याआधीचं काम आहे. पुस्तकच हाती नसेल तर पारखायचं काय?

झोरा नील हर्स्टनच्या बाबतीत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल. जन्म १८९१ चा, बालपण फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या गावात. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं आणि स्वतःच चालवलेलं हे गाव. दुकानाच्या ओसरीवर माणसं ज्या कहाण्या आणि थापा रंगवून सांगायची त्या ऐकत ती वाढली. पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून त्याच कहाण्या गोळा करायला ती दक्षिणेत परतली. १९३५ चं 'म्यूल्स अँड मेन' हे त्या कामातून आलं. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी तिने हैतीत असताना सात आठवड्यांत लिहिली आणि १९३७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जेनी नावाची बाई तीन लग्नांतून जाते आणि अखेर गावात परतून आपली गोष्ट मैत्रिणीला सांगते, असा तिचा घाट आहे. कादंबरीकार रिचर्ड राइटने 'न्यू मासेस' या नियतकालिकात तिच्यावर कठोर लिहिलं. या कादंबरीत ना आशय आहे ना विचार, गोऱ्या वाचकाला आवडेल तेवढंच कृष्णवर्णीय जगणं तिने रंगवलं आहे, असा त्याचा रोख होता. हर्स्टनला कुठल्याही पुस्तकावर मिळालेलं सर्वांत मोठं मानधन ९४३ डॉलर ७५ सेंट इतकं होतं. १९५० मध्ये ती मायामीत एका घरी मोलकरीण म्हणून काम करत होती. २८ जानेवारी १९६० ला फोर्ट पिअर्सच्या सरकारी निराधारगृहात ती वारली. अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली आणि कबरीवर नावाचा दगडही लागला नाही. मागे राहिलेलं सामान जाळून टाकलं जात असताना तिला ओळखणारा, शेरीफच्या कार्यालयातला एक कृष्णवर्णीय कर्मचारी तिथे आला आणि त्याने आग विझवली. कडा जळालेले ते कागद आज फ्लोरिडा विद्यापीठात आहेत.

काळाने काम केलं असेल तर ते एवढं: पुस्तकं बाजारातून गेली, लेखिका निनावी कबरीत, कागद आगीत. पुढचं सगळं माणसांनी केलं, आणि त्यांची नावं सांगता येतात. अ‍ॅलिस वॉकर या लेखिकेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेलस्ली कॉलेजात ही कादंबरी शिकवायला घेतली. १९७३ मध्ये तिने फोर्ट पिअर्सच्या गवत माजलेल्या दफनभूमीत कबरीची जागा शोधून दगड उभारला. त्या दगडावर जन्मवर्ष १९०१ कोरलेलं आहे, कारण हर्स्टन स्वतः वय कमी सांगत असे आणि खरं वर्ष शोधून ठेवण्याइतकं तिच्याकडे तोवर कुणी पाहिलेलंच नव्हतं. मार्च १९७५ च्या 'मिस' मासिकात वॉकरने या शोधावर लेख लिहिला. पुस्तक मिळत नव्हतं, म्हणून शिकवणाऱ्या बायका हाती असलेल्या थोड्या प्रती एकमेकींना देत होत्या. त्याच वर्षी साहित्याच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात ते पुन्हा छापावं म्हणून निवेदन फिरलं. १९७७ मध्ये रॉबर्ट हेमनवेने चरित्र लिहिलं, १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने कादंबरी पुन्हा काढली. १९३७ आणि १९७८ या दोन्ही वर्षी कादंबरीतला शब्द न्‌ शब्द तोच होता. बदलले ते ती हातात घेणारे लोक.

पूर्वपक्ष : तुम्ही निवडलेलं उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतं. हर्स्टनला बाजूला सारणारा राइट कृष्णवर्णीयच होता. त्याने कादंबरीला कादंबरी म्हणून वाचलंच नाही. हे पुस्तक आपल्या लोकांच्या लढ्याला काय कामाचं, असं त्याने विचारलं. लेखिकेला समूहाची प्रतिनिधी मानून वाचलं की असं होतं, आणि तुमच्या उत्सवांतही मला तोच धोका दिसतो. शिवाय एका हर्स्टनवरून नियम होत नाही. अशा खटाटोपातून एक रत्न निघालं तर सामान्य पुस्तकं किती वर येतात, तेही मोजा.

उत्तर : राइटबद्दलचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. हर्स्टन दोन्हीकडून अडवली गेली. एका बाजूला तिच्याच समाजातले विचारवंत तिच्याकडे लढ्याचं साहित्य मागत होते. दुसऱ्या बाजूला गोऱ्यांच्या हाती असलेलं प्रकाशन. १९२७ पासून तिने कुजो लुईस या वृद्धाच्या मुलाखती घेतल्या. मूळचं नाव कोसोला. १८६० मध्ये शेवटच्या गुलामवाहू जहाजातून आणलेल्या माणसांपैकी तो एक होता. १९३१ पर्यंत हस्तलिखित तयार झालं, पण कोसोलाची बोली काढून शिष्ट इंग्रजी घाला अशी प्रकाशकाची अट आली. ती तिने मानली नाही. 'बाराकून' या नावाने ते पुस्तक २०१८ मध्ये आलं, म्हणजे तिच्या मृत्यूला अठ्ठावन्न वर्षं झाल्यावर. १९५० मध्ये तिने 'निग्रो डायजेस्ट'मध्ये गोरे प्रकाशक काय छापत नाहीत याच विषयावर लेख लिहिला होता, तेव्हा आपण कशाने अडलो आहोत हे तिला नीट ठाऊक होतं. मी यातून असा निष्कर्ष काढतो की वाचक जितके थोडे, तितका एकेका टीकाकाराचा शब्द अंतिम ठरतो. राइटचं परीक्षण चुकीचं होतं म्हणून तेवढी हानी झाली असं नाही. त्याला उत्तर द्यायला वर्गखोल्यांत, मासिकांत, ग्रंथालयांत पुरेशा वाचक स्त्रिया नव्हत्या, म्हणून झाली. अधिक हातांत पुस्तक जाणं हाच त्या धोक्यावरचा इलाज आहे.

आणि उदाहरण एकच नाही. हॅरिएट जेकब्सने आपल्या गुलामीची हकीकत १८६१ मध्ये 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावाने छापली. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावी आजीच्या घराच्या छताखाली, जिथे उभंही राहता येत नव्हतं अशा पोकळीत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली होती. प्रकाशक बुडाल्यावर तिने छपाईचे साचे विकत घेऊन पुस्तक स्वतःच काढलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं बहुतेक अभ्यासक ते खरं मानायला तयार नव्हते. संपादिका लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेनेच ही कादंबरी रचली असावी, असं समजलं जाई. गुलामांच्या जीवनावर १९७२ मध्ये महत्त्वाचं पुस्तक लिहिणाऱ्या जॉन ब्लासिंगेमलाही ही हकीकत विश्वासार्ह वाटली नाही. जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने जेकब्सची हस्ताक्षरातली पत्रं अभ्यासून, गावच्या नोंदींशी एकेक तपशील ताडून १९८७ ची आवृत्ती काढली, तेव्हा तो वाद मिटला. हॅरिएट विल्सनचं तर याहून कठीण. १८५९ मध्ये बोस्टनला तिची 'अवर निग' ही कादंबरी निघाली. आजारी मुलाला सांभाळायला पैसे मिळावेत म्हणून लिहिते, असं तिने प्रस्तावनेत सांगितलं होतं. काही महिन्यांतच तो मुलगा गेला. ऐंशीच्या दशकात हेन्री लुई गेट्स या अभ्यासकाने ही लेखिका कृष्णवर्णीय होती हे सिद्ध केलं ते त्या मुलाच्या मृत्युनोंदीवरून, कारण नोंदीत वर्ण लिहिलेला होता. म्हणजे जे पुस्तक मुलाला वाचवू शकलं नाही, त्या पुस्तकाची आई कोण हे मुलाच्या मृत्यूच्या कागदाने सांगितलं. १७७३ च्या सह्यांपासून १९८७ च्या येलिनपर्यंत प्रश्न तोच राहिला: हे हिने लिहिलं असणं शक्य आहे का? 'लेखिका कोण हे पाहू नका' असं तुम्ही आज म्हणता. दोनशे वर्षं जगाने आधी तेच पाहिलं आणि त्यावरून पुस्तक बंद केलं. आता ते उघडतानाच नेमकं तिचं नाव झाकायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

सामान्य पुस्तकांविषयी एवढंच सांगतो. १९८८ मध्ये ऑक्सफर्डने एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय लेखिकांचे तीस खंड काढले. त्यातलं सगळं थोर नाही. पण थोर पुस्तक एकटं उगवत नसतं. त्याच्याभोवती बरी, अर्धीकच्ची, फसलेली पुस्तकं असतात, आणि त्यांच्यामुळेच परंपरा हा शब्द वापरता येतो. ज्यांची एकट-दुकट शिखरं तेवढी दाखवली जातात, त्यांच्या पायथ्याला कुणी परंपरा म्हणत नाही.

पूर्वपक्ष : इतिहासाचं तुम्ही सांगितलंत ते मी स्वीकारतो. पण तो इतिहास आहे. आज टोनी मॉरिसनला नोबेल मिळून तीन दशकं उलटली, अ‍ॅलिस वॉकरला पुलित्झर मिळालं, ओप्रा विन्फ्रीने मॉरिसनच्या कादंबऱ्या दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचवल्या. अडवणूक संपल्यावरही उत्सव चालू राहिला की तो टीकेचा गळा धरतो. जानेवारी १९८८ ची गोष्ट आठवा. मॉरिसनच्या 'बिलव्हेड'ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं नाही म्हणून अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपुरवणीत जाहीर पत्रक काढलं, आणि दोन-सव्वादोन महिन्यांत पुलित्झर जाहीर झालं. कादंबरी त्या मानाची होती असं मीही म्हणतो. म्हणूनच मला वाईट वाटतं, की त्या पुरस्काराकडे बोट दाखवून कुणीही म्हणू शकतो, तो दबावाने मिळाला.

उत्तर : ही तुमची सर्वांत बळकट हरकत आहे, आणि त्या पत्रकाने असं बोलायला जागा दिली हे खरं आहे. तरी पत्रक काढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते बघा. जेम्स बॉल्डविन जेमतेम दोन महिन्यांपूर्वी गेला होता, आणि हे दोन मोठे अमेरिकी पुरस्कार त्याला कधीच मिळाले नव्हते. त्या लेखकांनी मॉरिसनच्या हयातीत बोलायचं ठरवलं. तिला परीक्षणातून सूट मात्र मिळाली नाही. स्टॅनली क्राउच या कृष्णवर्णीय समीक्षकाने 'बिलव्हेड'वर अत्यंत जहाल लिहिलं, ते त्याच काळात 'न्यू रिपब्लिक'मध्ये छापून आलं, आणि आजही कादंबरीच्या अभ्यासात त्याची दखल घेतली जाते. वॉकरच्या 'द कलर पर्पल'मधल्या पुरुषचित्रणावरून कृष्णवर्णीय वाचकांतच वर्षानुवर्षं कडाक्याचा वाद झाला. १९३७ मध्ये एका परीक्षणाने पुस्तक झाकोळलं. ऐंशीच्या दशकात याहून तिखट टीका झाली आणि पुस्तकं उभी राहिली, कारण तोवर त्यांना वाचक होते. बार्बरा स्मिथ या समीक्षिकेने १९७७ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रीवादी समीक्षेची मागणी केली, ती कौतुकाची मागणी नव्हती. या पुस्तकांकडे वाचता येण्याजोगी कलाकृती म्हणून गंभीरपणे पाहा, त्यांच्यातली नाती शोधा, त्यांचे दोष दाखवा, अशी ती होती. ज्या लेखनाला अजून नीट वाचकच मिळाला नाही त्याच्यावर कडक टीका करून कुणाचंच भलं होत नाही.

अडवणूक संपली, या तुमच्या गृहीताकडे मात्र थांबून पाहायला हवं. मॉरिसनची पहिली कादंबरी 'द ब्लूएस्ट आय' १९७० मध्ये आली आणि काही वर्षांतच छपाईबाहेर गेली. ती स्वतः तेव्हा रँडम हाउसमध्ये संपादक होती. टोनी केड बंबारा आणि गेल जोन्स यांचं लेखन, ल्युसिल क्लिफ्टनचं आत्मकथन, अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र ही सगळी पुस्तकं तिच्या टेबलावरून गेली. १९८३ मध्ये तिने ती नोकरी सोडली. रिचर्ड जीन सो या अभ्यासकाने एका सहकाऱ्यासोबत मोठ्या अमेरिकी प्रकाशकांच्या कथासाहित्याची पाहणी केली, ती 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२० मध्ये छापली. १९५० ते २०१८ या काळातल्या, लेखकाचा वर्ण ठरवता आला अशा ७,१२४ पुस्तकांपैकी ९५ टक्के गोऱ्या लेखकांची होती. १९८४ ते १९९० या वर्षांतली रँडम हाउसची ५१२ पुस्तकं त्यात होती, आणि त्यांत कृष्णवर्णीय लेखकांची फक्त दोन. त्यातलं एक 'बिलव्हेड', म्हणजे मॉरिसनचंच. याच सुमारास वॉकरचा बोलबाला होता, मॉरिसनला पुलित्झर मिळत होतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला अगदी तुमच्यासारखंच वाटत असेल की आता दारं उघडली. एक बाई खुर्चीवरून उठली आणि आकडा दोनवर आला. व्यक्तीच्या जोरावर उघडलेलं दार त्या व्यक्तीबरोबर मिटतं. म्हणून मला एका थोर लेखिकेच्या सन्मानापेक्षा हजारो वाचकांच्या सवयीवर जास्त भरवसा ठेवावासा वाटतो.

पूर्वपक्ष : सवयीचंच म्हणाल तर २०२० च्या उन्हाळ्यात काय झालं? जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर पुस्तकांच्या याद्यांचा पूर आला. लोकांनी पुस्तकं घेतली, कपाटात लावली, त्यांची छायाचित्रं काढली. किती वाचली गेली असतील? दुकानात वेगळं कपाट केलं की लेखिका त्या कपाटातच राहते. कुणी तिच्याकडे भाषेसाठी, कल्पकतेसाठी जात नाही, सगळे तिच्याकडे दुःखाची साक्ष घ्यायला जातात. ऑक्टेव्हिया बटलर ही विज्ञानकथालेखिका होती. तिला विज्ञानकथेच्या कपाटात राहू द्या ना!

उत्तर : साक्ष म्हणून वाचण्याबद्दल तुम्ही म्हणता त्याच्याशी माझा वादच नाही. जेकब्सच्या पुस्तकात गुलामीचे तपशील शोधणारा वाचक तिची रचना, वाचक स्त्रियांशी तिने केलेली सलगी, कुठे थांबायचं याची तिची जाण या गोष्टी नजरेआड करतो. पण बटलर तुमच्या बाजूने बोलेल असं वाटत नाही. १९७९ ची तिची 'किंड्रेड' ही एका आधुनिक कृष्णवर्णीय बाईला काळातून मागे, गुलामीच्या मळ्यावर खेचून नेते. तिच्याकडे विज्ञानकथेचे वाचक आले, कृष्णवर्णीय स्त्रियाही आल्या, आणि दोघांनीही ती पुढे दिली. 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ ची. बटलर २००६ मध्ये गेली. ती कादंबरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत आली २०२० मध्ये, तुम्ही ज्याला याद्यांचा पूर म्हणता त्याच वर्षी. पण मधली सत्तावीस वर्षं ती जिवंत ठेवली ती त्या वर्षीच्या गिऱ्हाइकांनी नव्हे. ती शिकवणाऱ्या, सुचवणाऱ्या, जुन्या प्रती पुढे देणाऱ्या वाचकांनी ठेवली. विकत घेणं आणि वाटणं यांत मी हाच फरक करतो. विक्री एका ऋतूची असते. वाटून घेण्याला व्यवस्था लागते, आणि ती उभी करणं कष्टाचं असतं. १९८० मध्ये बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आणि त्यांच्या सोबतिणींनी 'किचन टेबल' हे प्रकाशन काढलं. स्वयंपाकघर ही बायकांनी एकत्र बसून काम करायची आणि बोलायची जागा, म्हणून ते नाव. 'धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक' हा संग्रह त्याच्या मूळ प्रकाशनसंस्थेसकट बाजारातून जाणार होता, तेव्हा १९८३ मध्ये यांनीच तो पुन्हा छापला. स्वतः 'किचन टेबल' नव्वदच्या दशकात बंद पडलं. त्यांनी सांभाळलेलं पुस्तक आजही अभ्यासक्रमांत आहे.

वेगळ्या कपाटाचं उत्तर मुलांच्या पुस्तकांकडे पाहिल्यावर मला अधिक स्वच्छ दिसतं. नॅन्सी लॅरिकने १९६५ मध्ये आधीच्या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. चित्रात किंवा मजकुरात एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली ३४९ निघाली, म्हणजे ६.७ टक्के. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने १९८५ मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा वर्षाच्या सुमारे अडीच हजार पुस्तकांत आफ्रिकी अमेरिकी लेखक-चित्रकारांची अठरा सापडली. न्यू जर्सीच्या दहा वर्षांच्या मार्ली डायसने २०१५ मध्ये ठरवलं की कृष्णवर्णीय मुलगी नायिका असलेली हजार पुस्तकं गोळा करून वाटायची, कारण शाळेत मिळणाऱ्या गोष्टी गोऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या होत्या. हजाराचा आकडा तिने काही महिन्यांत ओलांडला. या मुलीला तुम्ही 'वेगळं कपाट नको' असं सांगाल का? तिला सर्वसाधारण म्हणून दिलेलं कपाटच आधी वेगळं होतं. त्यावर पाटी तेवढी नव्हती. ग्रंथालयाने एक प्रत नव्या कपाटात आणि एक वर्णानुक्रमाच्या रांगेत ठेवावी. पैसे दोन प्रतींचे पडतील, आणि ते खर्च करायला हवेत.

पूर्वपक्ष : आणि मराठी वाचकाने यात का पडायचं? आपल्या भाषेतल्या लेखिका वाचून झाल्या का? दूरच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं.

उत्तर : हे दूरचं राहिलेलं नाही, निदान दीडशे वर्षं तरी नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. या देवाणघेवाणीत बायका मात्र दोन्ही काठांवर उशिरा दिसतात. 'गुलामगिरी' निघाली तेव्हा जेकब्सचं पुस्तक छापून बारा वर्षं झाली होती. मुक्तिदात्यांना मान मिळत होता, आणि सुटून आलेल्या बाईच्या शब्दावर तिच्याच देशात विश्वास नव्हता. आपल्याकडे दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. बेबी कांबळे यांनी मात्र आपलं लेखन वीसएक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना ते बाहेर काढायचं बळ दिलं, 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने निघालं. एक स्त्री लिहून लपवते, दुसरी विचारते, तिसरी छापते, चौथी पुढे देते, हे मराठीतही तसंच घडलं आहे. म्हणून हर्स्टन वाचणं आणि बेबीताई वाचणं यांत निवड करायची वेळ येते असं मला वाटत नाही. एकीची वाट कळली की दुसरीची का अडली ते अधिक नीट कळतं. हर्स्टनच्या कादंबरीला मराठीत नीट वाचक मिळाला, तर 'जिणं आमुचं'कडेही केवळ दस्तऐवज म्हणून पाहण्याची आपली खोड सुटायला मदत होईल.

पूर्वपक्ष : यादी पाहून वाचायला मी अजूनही तयार नाही. हर्स्टनची कादंबरी मात्र वाचेन. आणि आवडली नाही तर तसं स्पष्ट लिहीन.

उत्तर : लिहा, आणि छापा. राइटलाही आवडली नव्हती. लेख झाला की तुमची प्रत कुणाला तरी द्या, आणि सोबत तुमचा लेखही.